गव्हर्नरच्या खुर्चीतला नायब

१

मिसेस शाइबल किंचाळली नाही. तेवीस वर्षं विधानभवनाच्या फरशा पुसणारी बाई ती. दारू पिऊन लोळणारे सिनेटर, रडणारे सिनेटर, एकमेकांच्या थोबाडीत मारणारे सिनेटर, सगळं तिनं पाहिलेलं होतं. तिनं बादली भिंतीशी सरकवली, ओले हात एप्रनला पुसले आणि दोन मजले उतरून तळघरात गेली. सकाळी सातला त्या इमारतीत हमखास सापडणारं दुसरं माणूस म्हणजे तळघरातल्या ऑगस्टाबाई.

मिस ऑगस्टा क्वाम राज्याच्या इतिहास कचेरीच्या मुख्य होत्या. कचेरी दोन खोल्यांची, नोकर एकच, तोही त्याच. वय चौपन्न, जीभ तिखट. तीन वर्षांपासून त्या एक पुस्तक लिहीत होत्या, ते कुणीच मागितलेलं नव्हतं: राज्याच्या नायब गव्हर्नरांचा इतिहास. गव्हर्नरांवर पुस्तकं होती, त्यांच्या घोड्यांवरही एक होतं. नायबांवर एक ओळ नव्हती. ऑगस्टाबाईंना ते खुपायचं.

"बाई," मिसेस शाइबल म्हणाली, "वर गव्हर्नरसाहेबांच्या खुर्चीत आपले नायबसाहेब बसलेत."

"बसलेत? एलियास? त्या खुर्चीत?"

"बसलेत म्हणजे... गेलेत ते. डोक्यात गोळी आहे. पिस्तूल हातात आहे. शेरीफला तुम्हीच फोन करा, माझं इंग्रजी अशा वेळी पळून जातं."

ऑगस्टाबाई वर गेल्या. एलियास ब्रॅनवोल्ड, सात वेळा निवडून आलेला, चौदा वर्षं नायब गव्हर्नर, चणीनं लहानखुरा माणूस, त्या अवाढव्य कातडी खुर्चीत बसला होता. पाय जमिनीला टेकत नव्हते. बाईंनी ते अधांतरी बूट ओळखले. परवा, बुधवारीच हे बूट त्यांच्या टेबलाशी उभे होते.

त्यांनी जवळ जाऊन चेहरा पाहिला. खालच्या ओठावर जांभळा डाग होता, अंगठ्याच्या नखाएवढा.

भिंतीवरच्या घड्याळात सात चाळीस झाले होते. त्या दिवशी, सहा नोव्हेंबर एकोणीसशे एकतीसला, दुपारी एक वाजता शहराबाहेरच्या तुरुंगात व्हात्स्लाव्ह ह्रुश्का नावाच्या शेतगड्याला फाशी द्यायची होती. आणि ती थांबवायला निघालेला एकमेव माणूस इथे मरून बसला होता.

२

शेरीफ गनर हॉवेन आला तो दाराशी बूट झटकतच. तो आणि ऑगस्टाबाई एका शाळेत, एका बाकावर शिकलेले.

"सरळ आहे गं," सगळं पाहून तो म्हणाला. "चौदा वर्षं दोन नंबरवर काढली. गव्हर्नर शिकागोला गेला, खोली मोकळी सापडली, साहेबाच्या खुर्चीत बसला, साहेबाचंच पिस्तूल काढलं. उद्या पेपरवाले यावर पोट भरून जेवतील."

"आणि ओठाचा डाग?"

"काळी द्राक्षंबिक्षं खाल्ली असतील. नाहीतर विष. डॉक्टर सांगेल."

"कानामागे टेंगूळ आहे ते?"

"खुर्चीला मागे ती लाकडाची नक्षी आहे ना, त्यावर डोकं आपटलं असणार. ऑगस्टा, मला ठाऊक आहे तुझं त्याच्याशी जमायचं..."

"माझं त्याच्याशी काही जमायचं नाही," बाई कडाडल्या. "मी त्याचा इतिहास लिहीत होते. बस खाली आणि ऐक."

बुधवारी एलियास तळघरात आला होता. त्यानं एकच प्रश्न विचारला होता. एकोणीसशे तीन साली एका नायबानं फाशी थांबवली होती, तो हुकूम कोर्टात टिकला का? बाईंनी निकालाची प्रत काढून दिली. गव्हर्नर राज्याची हद्द ओलांडून गेला की तो परतेपर्यंत नायब हाच गव्हर्नर, ही इथली घटना. कोर्ट म्हणालं होतं: त्या काळात नायबानं स्वतःच्या हातानं लिहून सही केली की हुकूम पुरा, मोहोर मागाहून लागली तरी चालेल, हुकूम घोड्याच्या खोगिरावर लिहिला असता तरी आम्ही मानला असता.

एलियासनं ते दोनदा वाचलं आणि खिशातून एक पत्र काढलं. दूरच्या एका स्टेशनच्या मास्तरचं होतं. ह्रुश्कानं ज्या रात्री आपल्या मालकाचा खून केला असं ज्यूरीनं ठरवलं, त्या रात्री, खुनाच्या वेळीही, नऊपर्यंत तो चाळीस मैलांवर माझ्या फलाटावर गुरं चढवत होता, असं मास्तर लिहीत होता. हेच पत्र त्यानं गव्हर्नरच्या कचेरीला दोनदा पाठवलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून तिसऱ्या वेळी नायबाला.

"जाताना म्हणाला," बाई सांगत होत्या, "'गुरुवारी साहेबांची गाडी हद्दीवरचा पूल ओलांडेल, तेव्हा माझ्या हातात कलम येईल.' आणि हसून म्हणाला, 'तुमचं पुस्तक चांगलं होतंय, पण एक पान कमी आहे. सगळाच इतिहास कागदावर नसतो, बाई. निवृत्त झालो की दाखवीन.' हा माणूस सही करायच्या संध्याकाळी जीव देईल?"

शेरीफनं खिसे तपासले. चष्मा, रुमाल, घरची किल्ली. हुकूम नव्हता. मास्तरचं पत्रही नव्हतं.

"मग कागद गेला कुठे?" तो पुटपुटला.

"आत्ता विचारलास शहाण्यासारखं."

३

फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या वहीप्रमाणे काल चारनंतर एलियास सोडून तीनच माणसं इमारतीत होती: गव्हर्नरचे सचिव क्लिफर्ड एम्सडेन, सिनेटचे ज्येष्ठ सभासद रॉयल टीग, आणि सिनेटचा म्हातारा द्वारपाल योनास फ्रीबर्ग.

एम्सडेन पूर्वेकडचा. दीड वर्षापूर्वी गव्हर्नरनं त्याला आणला, आणि तेव्हापासून इथला वारा, इथली कॉफी, इथली माणसं या सगळ्यांवर तो नाक मुरडत असे. सिनेटच्या बाजूला त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्याला तो गुरांचा बाजार म्हणायचा. आज मात्र त्याचे डोळे लाल होते.

"दोष माझाच आहे," तो म्हणाला. "ते पाचच्या सुमाराला आले. म्हणाले, 'क्लिफर्ड, एकदा तरी बसू दे मला.' मला नाही म्हणवेना. ते बसले, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला. म्हणाले, 'साहेब गावाला गेले की दरवेळी मी इथे बसतो, आणि दरवेळी उठावं लागतं.' मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, एकटं सोडावं. मी घरी गेलो."

"दरवेळी बसतो असं म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"अगदी याच शब्दांत."

"फाशीचं काही बोलले? एखादा कागद दिला?"

"कसला कागद? नाही हो. ह्रुश्काचं नावसुद्धा निघालं नाही."

"स्टेशनमास्तरची दोन पत्रं तुमच्याकडे आली होती म्हणे."

"मिस क्वाम, या कचेरीत दिवसाला दोनशे पत्रं येतात. त्यातली निम्मी वेड्यांची असतात." त्यानं घड्याळ पाहिलं. "मला गव्हर्नरसाहेबांना तार करायची आहे. माफ करा."

बाहेर आल्यावर शेरीफ म्हणाला, "माणूस हळवा वाटला."

पाणी कुठे मुरतंय ते बाईंना दिसायला लागलं होतं, पण हातात पुरावा नव्हता आणि साडेदहा होऊन गेले होते.

टीगसाहेब आपल्या कचेरीत खिडकीशी उभे होते. भला मोठा देह, आवाज सभेचा, आणि हिंमत मुंगीएवढी. नायब मेल्यावर गव्हर्नरचे अधिकार सिनेटच्या ज्येष्ठाकडे येतात. म्हणजे एलियासची नाडी थांबली त्या क्षणापासून टीगसाहेब राज्याचे गव्हर्नर होते, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काल मी पाचलाच निघालो," ते म्हणाले. "मी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही."

"तुम्ही फाशी थांबवू शकता, रॉयल," बाई म्हणाल्या. "आत्ता. फोनवर."

"कशाच्या जोरावर? कागद दाखवा! मेलेला माणूस काय करणार होता यावर मी सही करू? पुढल्या वर्षी माझी निवडणूक आहे. लोकांना ही फाशी हवी आहे. रविवारी साहेब परत येतील, त्यांना विचारा."

"रविवारी ह्रुश्काला जमिनीत जाऊन दोन दिवस झालेले असतील."

"कागद आणा," टीगसाहेबांनी काखा वर केल्या. मग हळूच म्हणाले, "तो खरंच त्या खुर्चीत होता? एलियास?"

"तुम्हालाही नवल वाटतंय ना?"

टीगसाहेब नजर चुकवून पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

४

"कशाचं नवल?" जिन्यात शेरीफनं विचारलं. "बाई, मला अंधारात ठेवू नकोस."

"अठराशे चौऱ्याण्णव साली मॉर्टिमर गेल नावाचा नायब होता. गव्हर्नर चार दिवस बाहेरगावी गेला. गेल त्याच्या खुर्चीत बसला, मेव्हण्याला नोकरी दिली, आणि गव्हर्नर परत आला तेव्हा आतून कडी लावून बसला. कुऱ्हाडीनं दार फोडावं लागलं. तेव्हापासून सिनेटमध्ये रीत आहे. नवा नायब शपथ घेतो त्या दिवशी सगळ्यात वयस्कर सभासद त्याला गाय पिळायचं तीन पायांचं स्टूल देतो आणि म्हणतो, 'साहेब नसताना तुझी जागा ही.' सगळे पोट धरून हसतात. पण ती रीत आजवर कुणी मोडलेली नाही. कारभार हाती आला की नायब सिनेटमधल्या आपल्या मेजाशी स्टुलावर बसून काम करतो. एलियासनं चौदा वर्षांत एकतीस वेळा कारभार पाहिला, एकदाही त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. माझ्याकडे नोंद आहे."

शेरीफ थबकला. "म्हणजे त्याला तिथे कुणीतरी नेऊन बसवला."

"अर्धमेला करून नेला आणि तिथे गोळी घातली. टेंगूळ त्याचंच. आणि नेणाऱ्याला ही रीत ठाऊक नव्हती. टीगला ठाऊक आहे. योनासला तर पाठ आहे."

"राहिला एम्सडेन. 'दरवेळी इथे बसतो.'" शेरीफनं शीळ घातली. मग मान हलवली. "पण ऑगस्टा, एका स्टुलावर मी गव्हर्नरच्या सचिवाला बेड्या घालू? न्यायाधीश मला हाकलून देईल. रीत माहीत असलेल्यानंच मुद्दाम उलट केलं असेल तर? योनासला एलियास या नाताळात घरी बसवणार होता, वय झालं म्हणून. म्हातारा महिनाभर कुणाशी धड बोलत नाहीये."

"मग चल, त्यालाच भेटू."

योनास फ्रीबर्ग सिनेटच्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसला होता. एकाहत्तर वर्षांचा, निम्मा बहिरा. डोळे कोरडे, जबडा आवळलेला.

"काल संध्याकाळी कुठे होतास?" शेरीफ ओरडला.

"इथेच."

"नायबसाहेब आत होते?"

म्हाताऱ्यानं मान फिरवली.

"योनास, ते गेले रे," बाई त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "आता कुणासाठी मूग गिळून बसलायस?"

"शपथ आहे," म्हातारा म्हणाला. "ज्यांना सांगायचं त्यांनाच सांगायचं. तुम्ही त्यातल्या नाही."

तेवढ्यात त्यानं नाक पुसायला रुमाल काढला, आणि शेरीफचा हात चटकन पिस्तुलावर गेला. म्हाताऱ्याची उजव्या हाताची तीन बोटं जांभळी होती.

५

"थांब, गनर!" बाई मध्ये पडल्या. "योनास, खिशात काय आहे तुझ्या?"

म्हाताऱ्यानं अनिच्छेनं खिशातून एक आखूड पेन्सिल काढली. बाईंना हसू आलं आणि रडूही. शेरीफनं तळघरातल्या त्यांच्या पावत्यांवर अशी पेन्सिल शंभरदा पाहिली असेल. सिनेटमध्ये हजेरी आणि मतं याच पेन्सिलीनं मांडत. टोक ओलं केलं की अक्षर शाईसारखं जांभळं उमटतं आणि खोडता येत नाही. आणि टोक ओलं करायला, पाण्याची वाटी आणायचा कंटाळा असलेला प्रत्येक माणूस ते जिभेला आणि ओठाला लावतो.

"हे तुझं विष," त्या शेरीफला म्हणाल्या. "गव्हर्नरच्या खोलीत सगळी शाईची कलमं आहेत, अशी एक पेन्सिल नाही. एलियासनं मरायच्या आधी या पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. कागदावर लिहायला त्याच्याकडे स्वतःचं सोन्याच्या निबाचं कलम होतं. मग ही कशाला?" बोलता बोलता त्या थांबल्या. "सगळाच इतिहास कागदावर नसतो... योनास. शाई लाकडात पसरते, नाही का? पेन्सिल पसरत नाही."

म्हाताऱ्यानं पेन्सिल मुठीत झाकली.

"एक वाजता एका निरपराध माणसाच्या गळ्यात दोर पडणार आहे. नायबसाहेबांनी तो सोडवला होता हे तुला ठाऊक आहे. शपथ पाळलीस तर तो मरेल, आणि तुझे साहेब जीव दिलेला वेडा म्हणून पेपरात छापून येतील. हवंय तुला?"

योनासनं किल्ली काढली.

सिनेटचं दालन गारठलं होतं. नायबाच्या उंच मेजामागे तीन पायांचं स्टूल होतं, आडवं पडलेलं. योनासनं ते उचलून सरळ केलं, मेजाचा मधला खण पूर्ण बाहेर ओढला, आतले कागद जमिनीवर ओतले आणि रिकामा खण उजेडात धरला.

तळाच्या लाकडावर ओळीच ओळी होत्या. अठराशे एकोणनव्वदपासून अकरा नायबांची अक्षरं. कितीपासून कितीपर्यंत राज्य सांभाळलं, आणि काय केलं. 'दोन तास. काही केलं नाही.' 'चार दिवस. टोळधाड. मदत पाठवली.' 'एक दिवस. मुलगी झाली, गव्हर्नर म्हणून तार घेतली.' मॉर्टिमर गेलची ओळ कुणीतरी चाकूनं खरवडली होती. तीन वर्षं बाई ज्याच्या शोधात होत्या ते हे पान होतं. त्यांना ते वाचायला वेळ नव्हता.

सगळ्यात खाली, जांभळ्या ताज्या अक्षरांत:

'५ नोव्हेंबर १९३१. पुलावरून निरोप: साहेब पलीकडे. ४:२५ पासून... ह्रुश्काची फाशी नव्वद दिवस थांबवली. हुकूम व मास्तरचं पत्र मोहोरेसाठी एम्सडेनच्या हाती दिलं. तो घेऊन येतोय. ए. ब्रॅनवोल्ड.'

"मी दाराशी होतो," योनास कसाबसा म्हणाला. "पेन्सिल मीच देतो, टोक करून. मी द्वारपाल झालो तेव्हापासून तीच रीत आहे. साहेब म्हणाले, आता तू जा योनास, जेवून घे. मी गेलो. मी जेवायला गेलो हो."

"'कसला कागद,' म्हणाला होता," शेरीफ दात आवळून म्हणाला. "लोकांना फाशी हवी म्हणून त्यानं पत्रं दाबली, आणि एलियास त्याचा जाब विचारणार हे ओळखलं. साहेबाबरोबर वॉशिंग्टनला जायची स्वप्नं बघतोय, पत्रं बाहेर पडली असती तर तुरुंगात गेला असता. मोहोर लावून आणतो म्हणाला, आणि आल्यावर मारलं कशानं असेल?"

मेजावर हातोडा होता, सभा शांत करायचा, पितळी कड्याचा. बाईंनी तो उचलला नाही. कड्याला चिकटलेला एक पांढरा केस त्यांना तिथूनच दिसला.

"गनर, तू एम्सडेनला धर. योनास, खण उचल. टीगकडे चल."

बारा वाजून पंधरा मिनिटं झाली होती.

६

टीगसाहेबांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. आणि जे बोलले ते ऐकून बाईंना त्यांच्या कानशिलात द्यावीशी वाटली.

"हे लाकूड आहे. हुकूम नव्हे."

"खोगीर चालेल म्हणालं होतं कोर्ट. निकाल माझ्याकडे आहे."

"मग जेलरला वाचून दाखवा!"

"तो माझं ऐकेल? तळघरातल्या बाईचं? तो गव्हर्नरचं ऐकेल. गव्हर्नर तुम्ही आहात."

"मला यात ओढू नका, ऑगस्टा. रविवारी..."

बाईंनी योनासच्या हातातला खण घेतला आणि टीगसाहेबांच्या मेजावर, त्यांच्या निवडणुकीच्या पत्रकांवर आपटला. पेन्सिल शेजारी ठेवली.

"ठीक आहे. मग रीत पाळा. काल संध्याकाळपासून तुम्ही राज्य सांभाळताय. एलियासच्या खाली तुमचं नाव येतं. कधीपासून ते लिहा आणि काय केलं ते लिहा. योनास, रीत हीच ना?"

"हीच," म्हातारा म्हणाला. "कुणी चुकवलेली नाही."

"लिहा, रॉयल. 'वरची ओळ वाचली. ह्रुश्काला मरू दिलं.' खोडता येत नाही ही पेन्सिल. पुढचा नायब वाचेल, त्याच्या पुढचा वाचेल. मी पुस्तकात छापेन."

टीगसाहेबांनी पेन्सिल घेतली. कपाळावरच्या घामाचा एक थेंब खाली लाकडावर पडला. नकळत त्यांनी टोक खालच्या ओठाला लावलं, आणि तो जांभळा झाला. अगदी एलियासच्या ओठासारखा. समोरच्या काचेच्या कपाटात स्वतःचं तोंड दिसलं तशी त्यांच्या तोंडून हुंदका निघाला.

'६ नोव्हेंबर,' त्यांनी लिहिलं. 'ब्रॅनवोल्डचा हुकूम कायम. आर. टीग.' आणि फोनचा रिसीव्हर उचलला.

जेलरचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. "साहेब, एम्सडेनसाहेबांचा अकराला फोन आला होता. म्हणाले एकची वाट कशाला पाहता, उरकून घ्या. हुकमात नुसता दिवस आहे, वेळ नाही. आम्ही त्याला वर चढवलाय. तोंडावर टोपी घातलीय."

"काढ!" टीगसाहेब गरजले. आयुष्यात प्रथमच त्यांचा तो सभेचा आवाज कामाला आला. "काढ ती टोपी! मी गव्हर्नर बोलतोय!"

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग धावणाऱ्या पावलांचा. बराच वेळ काही नाही. मिसेस शाइबल दाराशी येऊन उभी होती आणि जर्मनमध्ये प्रार्थना पुटपुटत होती. मग जेलर धापा टाकत परत आला.

"उतरवला," तो म्हणाला. "खटक्यावर हात होता, साहेब."

एम्सडेन स्टेशनवर सापडला, पूर्वेच्या गाडीचं तिकीट हातात. हुकूम त्यानं शेकोटीत जाळला होता; राखेत मोहोरेसाठी सोडलेल्या जागेचा एक कोपरा राहिला होता. शेरीफला त्यानं एकच विचारलं, की खुर्चीत काय चुकलं? शेरीफनं सांगितलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत ऑगस्टाबाई तुरुंगात गेल्या. ह्रुश्का बाकावर बसून दोन्ही हातांनी मान चाचपत होता. जेमतेम तिशीचा गडी, राठ हात, तुटकं इंग्रजी.

"गव्हर्नरनं सोडवलं?" त्यानं विचारलं.

"नाही. नायब गव्हर्नरनं."

"कोण ते?"

"गव्हर्नर नसताना त्याच्या जागी काम करतो तो."

ह्रुश्कानं विचार केला. "असं पण असतं माणूस? मी कधी ऐकलं नाही. नाव काय?"

"एलियास ब्रॅनवोल्ड."

"मी त्यांना भेटू? हात जोडायचे होते."

बाईंना खोटं बोलता आलं नाही आणि खरंही लगेच बोलवेना. शेवटी त्यांनी सांगितलं. तो मोठा गडी तोंड झाकून लहान मुलासारखा रडला, आणि सकाळपासून कोरड्या राहिलेल्या बाईही त्याच्या शेजारी बसून रडल्या.

शनिवारी त्या सिनेटच्या दालनात गेल्या. खण जागेवर घालायचा होता. योनास स्टुलाजवळ उभा होता, हातात टोक केलेली पेन्सिल.

"साहेबांच्या ओळीत एक राहिलंय," तो म्हणाला. "'पासून' आहे. 'पर्यंत' नाही. गव्हर्नर परत आले की ते भरायचं असतं. डॉक्टरनं वेळ सांगितलीय, पावणेसहाच्या आसपास. लिहिता तुम्ही?"

बाईंनी पेन्सिल घेतली, ओळीवर वाकल्या. ४:२५ पासून, आणि पुढे तीन टिंबं. नव्वद दिवसांचा हुकूम अजून चालू होता. तो पुरा व्हायच्या आत नवा खटला उभा राहणार होता.

त्यांनी पेन्सिल योनासला परत दिली आणि खण आत सरकवला.